पोलादाचं श्रीखंड

११ एप्रिल १९९९, रविवार
पहिल्या तुकड्याची खरी किंमत : साच्याच्या दोन डाय, हीटरची एक कॉइल, माझी डावी भुवई आणि बायकोचा, नंदाचा अबोला. अबोला नफ्यात धरलाय.
तुकडा फुटला. दिशा मात्र बरोबर.
वारज्याच्या या शेडमध्ये आयुष्यभर लालभडक पोलाद ठोकलं. आता अर्धवट वितळलेलं दाबायचं. चौदाशे अंशांच्या वर, थोडं घट्ट, थोडं पातळ. चिमट्यात धरलं तर ठोकळा, दाबलं तर श्रीखंड. कॉलेजात अक्षताचा हाच प्रोजेक्ट होता. पोरगी मेटलर्जीची इंजिनिअर. तिच्या वर्गातले सगळे वायटूकेच्या नोकऱ्यांमागे कॉम्प्युटरकडे पळाले. ही इथेच राहणार. विचारायची गरज नाही. हॅमरच्या आवाजावरून पोलादाचा ताव ओळखणारा माणूस मी, घरातली कुजबुज सुटेल?

२० एप्रिल
अक्षताने तुकडा कापून, घासून, ॲसिड लावून मायक्रोस्कोपखाली दाखवला. आतले कण झाडाच्या फांद्यांसारखे. एकमेकांत अडकतात, म्हणून फुटतं. गोल हवेत, साबुदाण्यासारखे. त्या तापावर जरा थांबवले की होतात म्हणे. मी म्हटलं, माणसाचंही तसंच, थांबलं की जमतं. हसली नाही. ॲसिडचा वास असेल.

२ मे
कण गोल! लगेच नवा बोर्ड सांगितला : 'आणि कन्या'. पेंटर म्हणाला, साहेब, आमच्याकडे 'आणि पुत्र'चा स्टेन्सिल तयार आहे, चालेल का? नाही म्हटलं. बोर्ड बघून अक्षताने मान फिरवली. भारावली.

९ मे
आज जपून, हळूहळू दाबलं. पातळ सगळं कडेने पिळून बाहेर, मधे कोरडे कण. अक्षता म्हणाली, बाबा, हळू दाबलं की पातळ निसटतं. एका दमात दाबलं तर दोन्ही बरोबर वाहतात. म्हटलं, अगं, मायेने केलं. डबा घेऊन आलेली नंदा म्हणाली, अहो, तेच तर. तुमच्या मायेखाली कोण टिकलंय? दुर्लक्ष केलं. ब्लोअर चालू होता.
निश्चय : उद्यापासून घाई करायची.

१६ मे
एका दमात! डाय काठोकाठ भरली. गिअरचा दात न् दात आला. आतून कापला, मधे आणि कडेला कण सारखेच. अक्षता रडली. आनंदाश्रू. उद्या तिला शेडची चावी द्यायची.

१७ मे
चावी दिली. तिने ती परत माझ्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटली. शनिवारी बंगळूरला जाते. सॉफ्टवेअर. कंपनीकडून मुदत मागून घेतली होती, तुमचा एक तुकडा नीट निघेपर्यंत, म्हणाली.
मला का नाही सांगितलं, म्हणून ओरडलो. ती म्हणाली, बाबा, सांगितलं होतं. बोर्ड बघितला तेव्हा कळलं, तुम्ही ऐकलंच नव्हतं. मग धीर झाला नाही.
नंदाला विचारलं. खरं आहे. अक्षता मार्चमध्येच पेढे घेऊन शेडवर आली, नोकरीचं बोलली होती. हॅमर चालू होता. मी मान हलवली आणि पेढा खाल्ला.