शनिवारी अराबाची मयत

२० मे, सोमवार
अक्रा! घानाच्या राजधानीत आले एकदाची. दीपगृहामागच्या जुन्या मासळीच्या गोदामात ही गॅलरी आहे. मालक कुणी नाही, चित्रकारच चालवतात, झाडूही तेच मारतात. सगळ्यांत थोरल्याचं नाव नी ओकाइ, त्याच्या बरोबरीची लामिले, आणि आणखी तिघं. नी म्हणाला, सॉल्टपाँडसारख्या कोळी गावची पोरगी म्हणजे अंगाला धुरातल्या माशांचा वास येणारच. मी म्हटलं, आईच्या भट्टीचा आहे, तुझ्या रंगांपेक्षा बरा. सगळे खो खो हसले. झणझणीत मिरची लावून आंबवलेल्या मक्याचे केंके हादडले. पहिलं प्रदर्शन जमलं तर मी इथली कायमची सभासद. मला ते हवंच आहे, काहीही झालं तरी.

२७ मे, सोमवार
इथली रीत अशी की, नव्या माणसाने पहिल्या वेळी चित्र नाही, स्वतःलाच प्रदर्शनात मांडायचं. माझ्या वाट्याला मयत आलीय, माझीच, ८ जूनच्या शनिवारी! गावभर पोस्टर, शोकाचे लाल-काळे कपडे, भाड्याच्या खुर्च्या, मयत मांडायचा पितळी पलंग आणि त्यावर लेसमध्ये मी. मला हसूच फुटलं. आपल्याकडे जिवंत माणसाला कुणी विचारत नाही आणि मेला की मांडव पडतो, त्याला ही चांगली चपराक. अट एकच: पोस्टर लागलं की मी मेले, माझ्याशी कुणी बोलायचं नाही. कबूल केलं. फक्त सॉल्टपाँडला कळता कामा नये, असं नी ओकाइला बजावलं. भाऊ एबो गेल्यापासून आई दार वाजलं तरी दचकते.

३ जून, सोमवार
पोस्टर लागलं. 'केवढा हा आघात! अराबा बेन्त्सिल, वय २६.' फोटो झकास आलाय. जेवायला बसले तर माझं ताटच नाही. लामिलेने माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवली. पक्के नाटकी आहेत! कोपऱ्यावरच्या केंकेवाल्या मावशीला मात्र खरंच वाटलं. मला पाहून ती किंचाळत आत पळाली. हसले, पण उपाशीच झोपले.

५ जून
पोस्टर सॉल्टपाँडला पोचलं. नीनेच पाठवलं, फोनवर. आईला फोन केला. आई, मी अराबा, एवढंच म्हटलं. तिकडून किंकाळी, मग मामाचा आवाज, भुताला शिव्या घालणारा. आता कुणी उचलत नाही. नीची गचांडी धरली, बंद कर म्हटलं. तो माझ्या खांद्यावरून लामिलेला म्हणाला, "बिचारी फार गुणी होती गं." लामिलेचे डोळे भरून आले. मला भीती वाटतेय.

६ जून
गॅलरीच्या फाटकाला कुलूप, मी आत. खूप ओरडले. रस्त्यावरची माणसं छातीवर क्रूस काढत पळाली. जेवण नाही. नुसता एक पेला ठेवतात, कडू. पलंगावर हलायला नको म्हणून, असं लामिले दुसऱ्यांना सांगत होती. तहान फार— प्यायले.

७ जून
पाय उचलत नाहीत. पण उद्या आई येईल. तिला कुणी फसवू शकत नाही. लहानपणी झोपेचं सोंग घेतलं तरी श्वासावरून ओळखायची. आई येईल—

८ जून, शनिवार
पलंग. लेस. वही मांडीखाली, हात जेमतेम— अंगणात मामा आलाय. नी त्याला विचारतोय, आई कुठंय? मामा म्हणाला, असं काय विचारतोस, आई कधी पोटच्या पोराच्या मयतीला येते का?

नाही येत. आमच्यात नाहीच येत. एबोच्या वेळी तिला आत बसवून कडी मीच लावली होती. कशी विसरले—

मामा जवळ येत नाही. लांबूनच रडतोय.

लामिले कापूस घेऊन आली. सगळा जीव एकवटून म्हटलं, श्वास चालू आहे माझा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "माहितीये गं. जरा हळू घे, लेस हलतेय."

नाकात बोळा. दुसरा— तोंडाने घेईन, तोंड उघडं— हनुवटीखालून पट्टी बां—