सर्व्हर थांब म्हणाला तेव्हा

दिग्रस

प्रिय उर्वशीताईस संघदीपचा सप्रेम जय भीम. तुझा खोकला गेला का? भाऊजींची कंबर कशी आहे? इकडे आम्ही ठीक आहोत (पत्रात लिहिण्याइतपत).

आईला मोतीबिंदू झालाय, घाबरू नको. यवतमाळच्या एका धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशनची तारीख वेबसाइटवरच मिळते, आणि तिथे कायम गर्दी. म्हणून मी, घरातला एकुलता इंजिनिअर (बेकार, पण इंजिनिअर), आपोआप तारीख मागत राहणारा प्रोग्राम लिहिला आणि मारोतरावांच्या मोबाइल दुकानातल्या इंटरनेटवर सोडला. गर्दी असली की सर्व्हर 'नंतर या' म्हणतो आणि किती थांबायचं तेही सांगतो, कधी सेकंदांत, तर कधी सरळ पुढची तारीख-वेळ लिहून. माझ्या प्रोग्रामला फक्त आकडा वाचता यायचा. ती वेळ तारखेत लिहिलेली दिसली की तो गोंधळून शून्य धरायचा, म्हणजे थांबायचंच नाही. तसा तो श्वास न घेता मागत सुटला, आणि मी शेजारी बसून त्याच्या चिकाटीचं कौतुक करत चहा पीत होतो.

दुपारी या भडिमाराला वैतागून दवाखान्याच्या वेबसाइटने त्या दुकानाच्या इंटरनेटलाच बंदी घातली. नेमक्या तेव्हाच आपल्या गल्लीतल्या रुक्माबाई भिंत चाचपत आल्या. त्यांनाही डोळ्यांचीच तारीख हवी होती. मारोतराव म्हणाले, "बाई, आज नाही होत. हा इंजिनिअर बसला हाय ना, याले विचारा काहून ते." त्या तशाच भिंत चाचपत परत गेल्या. ताई, त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी दवाखान्याला माफीचा मेल पाठवला आणि प्रोग्राम दुरुस्त केला. आता तो आकडा वाचतो, तारीखही वाचतो, आणि काहीच कळलं नाही तर मुकाट थांबतो (हे मलाही जमत नाही). आठवड्याने बंदी उठली. मिळालेली पहिली तारीख रुक्माबाईंच्या नावाने घेतली. घरी सांगितलं, तर आई एवढंच म्हणाली, "बरं केलं. मले कुठं सुईत दोरा ओवाचा हाय." दुसरी मिळायला बरेच दिवस गेले, पण मिळाली.

भाऊजींना जय भीम सांग.

तुझा,
संघदीप

ता. क. ऑपरेशन येत्या वीस तारखेला आहे. सोबत बाईमाणूस लागतं म्हणतात.

ता. क. दुसरा. 'घाबरू नको' हे आईने लिहायला लावलं. तिला एका डोळ्याने काहीच दिसत नाही, दुसऱ्याने फार थोडं. ते तुला कळवायचं नाही अशी ताकीद आहे ("तिची नोकरी हाय, तिले कायले त्रास?"). मी हे तिच्यासमोर बसूनच लिहितोय, कारण तिला वाचता येणार नाही. पट्टी सोडताना समोर कोण पाहिजे, असं काल विचारलं. तिने माझं नाव घेतलं नाही.