झोपेतले आंबे

शिरूर,
५ डिसेंबर २०२४

आदरणीय बबन आबा यांस,
आयुषचा जय भीम.

तलवार व्यवस्थित आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे धार लावली नाही, फक्त गंज काढला. वरवंडला थंडी वाढली असेल, छातीला जपा. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून जालिंदर मामांच्या हाती ही चिठ्ठी पाठवतो आहे.

येत्या रविवारी समाजमंदिरात तलवारीच्या पेटीवर लावायचा फलक रंगवायला घेतला. "एक बी चूक नगं, शिकल्याली माणसं येणार हायती," असं तुम्ही बजावलंत. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून शब्द न् शब्द कोशात पाहतो. 'दगडोबा यांनी ब्रह्मदेशाच्या लढाईत' इथपर्यंत झालं. पुढे 'जपानी अधिकाऱ्याला समोरासमोर पाडून मिळवलेली तलवार' असं यायचं आहे.

आबा, चिठ्ठीच्या सुरुवातीलाच मी खोटं लिहिलं. मूठ निघाली आहे.

ती हलत होती. जपानी तलवारीच्या मुठीत लाकडी खुंटी असते, ती ठोकून काढतात, हे मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. खुंटी सापडेना. मग दुकानात जुन्या विळ्यांना देतो तसा भट्टीचा शेक दिला. आतली काळी लाख वितळली आणि मुठीला चीर गेली. पात्याचं मूळ जेमतेम बोटभर, त्याला खुंटीचं भोकच नाही. मुठीपुढे जपानी तलवारीला असते ती हात वाचवणारी चकती नाही. मूठ लांब आणि गोल.

दौंडच्या विहारात म्यानमारचे एक भन्ते आले आहेत. त्यांना नेऊन दाखवली. हातात घेताच म्हणाले, "यह धा है. हमारे गाँव में घर-घर में रहती है. बाँस काटो, गन्ना काटो."

म्हणजे आपला कोयताच की. एखाद्या जपान्याने ती कुणाच्या घरातून उचलली असेल, असं मी मनाला समजावलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

पण भन्ते पातं निरखत बसले, म्हणून मी आपल्या घरातला विनोद सांगितला. दगडोबा पणजोबा दुपारी झोपेत 'आंबे, आंबे' ओरडायचे आणि जागेपणी फोडसुद्धा तोंडाला लावायचे नाहीत. चांगुणा पणजीने पाटी भरून आणली की उठून बाहेर जायचे. तुम्हीच हसत सांगता ना?

भन्ते हसले नाहीत. तो शब्द त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला. मग हळूच म्हणाले, "आंबे नहीं. अमे. हमारी बोली में, माँ."

पणजोबांच्या झोपेत शिरलेली ती हाक जपानी माणसाची नसणार. दगडोबा तुमचे वडील. म्हणून मी पुढचं काही लिहीत नाही.

फलकावर 'लढाईत' या शब्दापुढे जागा मोकळी आहे. रंग वाळायला एक दिवस लागतो. 'जपानी' शुद्ध लिहिता येतं मला, हात उचलत नाही. तिथे काय लिहू, ते तुम्ही सांगा. रागावलात तरी चालेल.

मूठ मोडणारा, तुमचाच
आयुष

ता. क. 'अमे' कोशात नाही. ऐकला तसा लिहिला आहे.