झाकणाच्या आतल्या खुणा

जानेफळ,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रद्धा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू पत्र उघडलंस, असं धरून लिहिते. बारा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज बसले तर घड्याळापासून सुरुवात करते आहे. पण मला दुसरीकडून शिरता येत नाही.

तुझ्या आजोबांचं चावीचं घड्याळ तुला आठवत असेल. मास्तरकीच्या पहिल्या वर्षी त्यांनी ते खामगावहून आणलं, पुढे तुझ्या बाबांच्या हातावर आलं. बाबा गेल्यापासून चार वर्षं ते माझ्या कपाटात आहे. दिवाळीला आल्हाद पुण्याहून आला होता. त्याला हल्ली जुन्या घड्याळांचा नाद लागलाय. म्हणाला, "आई, हे मला दे, पण आधी याची माहिती काढ. साल कोणतं, तबकडी मूळची आहे का, आतला नंबर काय. मागचं झाकण उघडून फोटो पाठव." मला बरं वाटलं. घड्याळाचं नाही, बाहेर पडायला कारण मिळालं म्हणून. तुला इथलं माहीत आहे. भिंतीला भिंत लागून तुझे मोठे काका, ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. मी चप्पल पायात घातली की "कुठं निघाल्या?" वाचनालयात जाते म्हटलं तर "सातवी शिकल्या, आता कलेक्टर व्हायचं ऱ्हायलं का?" गुलाबरावभाऊजी वाईट नाहीत. पण चार वर्षांत मी मेहकरलासुद्धा एकटी गेले नव्हते. यावेळी मात्र म्हणाले, "घड्याळाचं ना? मग जा."

मेहकरच्या घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. कारागीर घड्याळ उघडतो तेव्हा झाकणाच्या आतून सुईने बारीक खूण करतो, महिना, साल आणि आपलं अक्षर. पुन्हा ते घड्याळ आलं तर कळावं म्हणून. असं घड्याळ तीन-चार वर्षांतून एकदा साफ केलं की पुरतं. आजोबांच्या वेळच्या खुणा तशाच होत्या, लांब लांब अंतराच्या. त्यांच्याखाली एकाच हाताच्या तेरा खुणा, २०१४ ते २०२०. "काकू, हे घड्याळ बिघडे का काका बिघडवत?" मग नीट पाहून म्हणाला, "हा 'वा' म्हंजे अमडापूरचे वामनराव. पण मेहकरात आम्ही चौघं बसलो असतांना एवढ्या दूर काऊन जाव?"

अमडापूर म्हटल्यावर मी घड्याळ उचलून पिशवीत टाकलं. तू तिथे राहतेस, एवढंच मला ठाऊक होतं. तू ऋत्विकशी लग्न केलंस, भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या घरात गेलीस, त्या दिवशी बाबांनी मला देवासमोर उभं करून सांगितलं होतं, "तिच्या दारात पाऊल टाकलंस, तिच्याशी बोललीस, तर माझं मेलेलं तोंड पाहशील." त्यानंतर तुझं नाव घरात निघालं नाही. तुझ्या शाळेच्या वह्यासुद्धा मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या, दिसू नयेत म्हणून. स्वयंपाक करायचा, वाढायचं, दुपारी पुस्तक घेऊन बसायचं. पानं उलटायची, वाचलेलं काही आत जायचं नाही.

गेल्या बुधवारी भाऊजींना सांगितलं की मेहकरच्याला जमलं नाही, दुसऱ्याकडे दाखवते. खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. एक गाडी बदलून अमडापूरला आले. वामनरावांचं दुकान विचारत गेले. घड्याळ पुढे केलं, तर म्हाताऱ्याने ते हातात घेऊन आधी कानाला लावलं आणि म्हणाला, "बाबूजी गेले काय?" मी मान हलवली. मग तो आपणहून बोलत सुटला. "ते यायचे अन् म्हनायचे, वामनराव, पाच मिनिटं मांगं पडते. मी लावून पाहो तं एक सेकंद मांगं नाही. मंग खोलायचं, फुंकर मारायची, खूण करायची अन् लावून द्यायचं. तवरिक ते या स्टुलावर बसून राहत, दोन-दोन घंटे. मी एकडाव म्हनलं, बाबूजी, घड्याळ इकडं हाय, तुम्ही तिकडं काय पाहून राह्यले? तं म्हने, तुम्ही तुमचं भिंग सांभाळा."

तिकडं म्हणजे रस्त्यापलीकडचं तुझं दार, हे वामनरावांनी हनुवटीनेच दाखवलं. पुढे म्हणाले, "एक खेपी तुमची नात भितीवरच्या घड्याळाचा सेल न्यायले आली. त्यायनं नाव इचारलं. डिंपल म्हने. मंग हेच घड्याळ तिच्या हातात बांधलं, तं कोपरापर्यंत सरकलं. पोरगी हासे, अन् हे बी हासत."

मला नात आहे, तिचं नाव डिंपल आहे, हे मला घड्याळवाल्याकडून कळलं. बाबांना कितीतरी वर्षं माहीत होतं. त्या संध्याकाळी ते घरी आले असतील, पेन्शनच्या कामाला गेलो होतो म्हणाले असतील, आणि मी ताट वाढलं असेल. मी रडले नाही, श्रद्धा. मला राग आला. मेलेल्या माणसावर रागावताना भांडायला समोर कोणी नसतं, तो राग अंगातच फिरत राहतो. शपथ त्यांनी मला घातली, स्वतः घेतली नव्हती. वर्षातून दोनदा ते स्वतःला सोडवून आणत आणि परत येऊन माझ्या दाराला कडी घालत. मला एकदा नुसतं सांगितलं असतं, की पोरगी बरी आहे.

मीही त्या स्टुलावर बसले. थोड्या वेळाने तू बाहेर आलीस, मेथीच्या जुड्या पाटीत रचल्यास, आतल्या कुणाला तरी ओरडलीस. चष्मा लागलाय तुला. थोडी जाड झाली आहेस. पुस्तकातल्या बाया अशा वेळी रस्ता ओलांडतात. मी पदर तोंडाला लावून बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे, वामनरावांनी सवयीने विचारलं, "वहिनी, खोलू का मंग घड्याळ?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तेच करते आहे. नको म्हणाले, उठले आणि गाडी पकडली.

बाबांवरचा राग लिहिला, पण माझं राहिलं. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी तू आली होतीस. फाटकाशी उभी होतीस. भाऊजींनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "आत घ्यायचं का? तुम्ही सांगाल तसं." त्या घडीला मला अडवणारं कोणी नव्हतं. मेलेलं तोंड मी पाहून चुकले होते, तुझ्या दारात पाऊल न टाकता. शपथेत उरलंच काय होतं? तरी मी मान खाली घातली, आणि तू परत गेलीस. ते बाबांनी नाही केलं, मी केलं. लोकांदेखत मला हे बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहून पाठवते आहे. येत्या मंगळवारी मी येते. भाऊजींना तुझं नाव घेऊन सांगितलंय, ते खुर्चीवरून उठून आत गेले. वामनरावांच्या दुकानात बसणार नाही, सरळ तुझ्या दाराशी येईन. तुला उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी परत जाईन आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येईन.

अजूनही तुझीच,
आई