मागाहून जोडलेली पडवी

पुणे,
११ नोव्हेंबर २००५

ती. कमलाकरकाकांस,
शाल्मलीचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या पांढरकवड्याच्या धर्मशाळेचा जुना फोटो सापडला. इथल्या संग्रहात जुन्या वास्तूंच्या जतनाचंच सगळं आहे: नकाशे, फोटो, कुठे कसला चुना वापरला त्याच्या नोंदी. पेन दारातच काढून घेतात, आत फक्त पेन्सिल. फोटो उलटून बघू का, हे मी दोनदा विचारलं, तेव्हा तिथल्या बाई हसल्या.

फोटो शंभर वर्षांपूर्वीचा. त्यामुळे रस्तारुंदीत धर्मशाळा पाडता येणार नाही, असं इथले साहेब म्हणाले. फक्त फोटोत हंसाबाईंची चहाची पडवी नाही. उन्हाळ्यात आपण मापं घेतली तेव्हा ती मूळचीच धरली होती. धर्मशाळा वाचवण्यासाठी आपण केलेल्या अर्जात मी दुरुस्ती केली, पडवी मागाहून जोडलेली. कोणी विचारलं नव्हतं. पण शाळेत घालण्याआधी घरी शिकवताना तुम्ही चुकीचं तसंच ठेवू द्यायचा नाहीत.

हंसाबाईंना सांगा, धर्मशाळा वाचली. वेळेवर जेवत जा. माझ्यावर माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
शाल्मली


पांढरकवडा,
२ जानेवारी २००६

चि. शाल्मलीस अ. उ. आ.

मंजुरी आली. धर्मशाळा मूळ रूपात आणायची आहे, म्हणून पडवी काढणार.

नवरा गेल्यापासून हंसाबाई त्या पडवीतच राहते, तिथेच चहा विकते. कापसाच्या गाड्या मुक्कामाला असायच्या तेव्हा तिला बसायला फुरसत नसे. यंदा गाडीवाले मिळेल त्या भावात माल टाकून रात्रीच परततात. तरी तिची चूल पेटते.

तिला सांगायला मी गेलो आणि नुसताच बसलो. तिनेच ओळखलं. म्हणाली, "पोरीनं खरंच लिवलं न? मंग काहून तोंड पाडून बसून राह्यले, भाऊ?" वर मला चहा दिला. महागावला बहिणीकडे जाईन म्हणते. बहीण दोन वर्षांमागे वारली. ते मला ठाऊक आहे, तिलाही. आपल्या घरी ये म्हटलं, तर हसली.

तू चुकलीस असं म्हणता येत नाही. शाबासही म्हणवत नाही. पुण्यात थंडी असेल, स्वेटर घालत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझा काका


पुणे,
१५ जानेवारी २००६

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. साहेबांना भेटले. पडवी राहू द्या म्हटलं, तर म्हणाले, ती मूळची नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत. ते रागावले नव्हते. नंतर संग्रहात पडवीचा एखादा कागद शोधला. नाही. तिची नोंद करावी असं कोणाला वाटलंच नाही.

रडू येत नाही. रोज जाते, पेन दारात देते.

काढण्यापूर्वी पडवीचे फोटो संग्रहात ठेवावे लागतात. ते काढायला मी शनिवारी येते. तिथे राहणारी माणसं फोटोत नकोत, असा इथला नियम आहे. मात्र उंची कळावी म्हणून खांबापाशी एक माणूस उभा केलेला चालतो, आणि त्याचं नाव खाली लिहावं लागतं. हंसाबाई उभ्या राहतील का, विचाराल? नाही म्हणाल्या तर पुन्हा विचारू नका.

रागावला असाल तरी पत्र मात्र पाठवत राहावं.

आपली,
शाल्मली