उडत्या होडीने काजरवेळला

काजरवेळ, श्रावण शुद्ध षष्ठी

ती. विठावन्संना अंजनीचा नमस्कार.

तुमचा गुडघा पावसाने धरला असेल तर निर्गुडीचा पाला शेकून बांधा. हे आधीच लिहिते, कारण पुढे मला कुणाच्याच गुडघ्याचं भान राहायचं नाही. वन्सं, मी उडाले!

जावईबापूंची तार आली, आमच्या वृंदाचं मूल आडवं आहे आणि गावात सुईण नाही. पावसाळ्यात बोटी बंद, खाडी ओलांडायची नावही वाहून गेलेली. राहिली ती टपाल-औषधं नेणारी उडती होडी. पण ह्यांनी सगळ्या कुळगावाला सांगून ठेवलेलं, आपल्या घरातलं माणूस त्या यंत्रात बसणार नाही. (तोंडाने नाही म्हणत होते आणि भात नुसता चिवडत होते.) निर्वासितांच्या कॅम्पातले कापडवाले तोलारामभाई मात्र म्हणाले, "भाभी, डरो मत. हमारे कराची में रोज उतरती थी, बदक जैसी." मी गाठोडं बांधलं.

मुंबईच्या खाडीतून ती पाणी कापत धावली, थरथरली, आणि पाणी सुटलंच की हो! उल्हास नदीला पूर आला की आपण काठावरून हात जोडतो. इथे अख्खा समुद्र खाली, थापलेल्या भाकरीएवढा. ढगात शिरलो तेव्हा मी वहाणा काढून ठेवल्या. (देवाच्या इतक्या जवळ वहाणा घालून कसं बसायचं?) औषधांसोबत निघालेली एक नर्सबाई वाटभर ओकत होती, तिचं कपाळ मी धरलं. उतरताना दोन्ही खिडक्यांवर पाणी उसळलं, वाटलं बुडालो. तर आम्ही आपले डुलतोय. कोळी होड्या घेऊन धावले. एका म्हातारीने विमानाच्या पोटावरून हात फिरवला नि म्हणाली, "दमलं गो बाय."

त्याच नर्सबाईने पदर खोचून मूल फिरवलं. (ती ओकत होती हे कुणाला सांगू नका.) मुलगी झाली. वृंदा हसतेय. मी अजून मधूनच वर बघते, नि अंगावर काटा येतो.

तुमची,
अंजनी

ता. क. खरं काम राहिलंच. ह्यांना मी 'श्रावणी सोमवारसाठी अंबरनाथला वन्संकडे जाते' असं सांगून निघाले. ते आलेच तर मी शिवालयात गेलेय म्हणा.

ता. क. दुसरा. वरचं खोडा. आत्ता होडी पुन्हा उतरली, आणि तीतून ओकून ओकून पांढरेफटक होऊन उतरले कोण? हे! गावाला सांगून आलेत, 'अंबरनाथला ताईकडे चाललो.' तेव्हा वन्सं, कुणी विचारलं तर आम्ही दोघंही तुमच्याकडेच आहोत.