आरशावरचा हार

अक्का,

हे पत्र तुला पाठवायचा धीर न्हाय, म्हणूनच खरं लिहितो. दाजींच्या पायावर टॉवेलचे गठ्ठे पडले, असं मी फोनवर सांगितलं. तसं न्हाय. गोदामात मी फोर्कलिफ्ट मागं घेत होतो, त्यांचा पाय माझ्याच चाकाखाली आला.

खंडेनवमीला दाजींनीच गाडीची पूजा केली आणि झेंडूचा हार आरशावर घातला. मागचं काही दिसंना. पण पूजेचा हार सुकून पडेपर्यंत काढायचा न्हाय, म्हणून चार दिवस मी अंदाजानंच गाडी चालवली. मग चूक कुणाची? डोस्कं चालंना.

गठ्ठ्यांचं मालकांना दाजीच बोलले. मला वाचवलं, का स्वतःला, कुणास ठाऊक. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "बसू, हार हाय न्हवं जाग्यावर?"

मी व्हय म्हणलो.

हार माझ्या डब्याच्या पिशवीत हाय, अक्का. दाजी चाकाखाली ओरडत होते, आणि मी आधी उतरून हार काढला. मगच गाडी पुढं घेतली. असं का केलं, मलाच कळंना.

तुझा,
बसवेश